तुळसाक्कांचं खरं इंग्रजी

तुळसाक्कांच्या घरात इंग्रजीत खोटं बोलायला बंदी आहे. मराठीत चालतं. कन्नडात तर कौतुकाने ऐकून घेतात आणि वर स्वतःच्या दोन थापा जोडतात. पण इंग्रजी वाक्य तोंडातून गेलं की ते खरं असलं पाहिजे. नसेल, तर तिथल्या तिथे खरं करून दाखवलं पाहिजे.

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी कोल्हापूरहून नोकरीसाठी बंगळूरला आले, राजाजीनगरात त्यांच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली आणि पहिल्याच रविवारी, पायरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसलेल्या या बाईंना जाता जाता म्हटलं, "आय विल हेल्प यू." आपण सगळेच म्हणतो. म्हणतो आणि पुढे जातो. तुळसाक्कांनी सूप माझ्याकडे सरकवलं. शेंगा संपल्यावर चिंच निघाली. चिंचेनंतर गच्चीवरची पाण्याची टाकी. उन्हं उतरली तेव्हा मी टाकीत उभी राहून शेवाळ खरवडत होते आणि वरच्या भोकातून त्यांचा चेहरा डोकावला.

"सरी," म्हणजे ठीक आहे, असं त्या समाधानाने म्हणाल्या. "आता झालं तुझं वाक्य."

वय सत्तरीच्या पुढे. अंगकाठी लहान, आवाज फॅक्टरीच्या भोंग्याचा. गुडघे दोन, आणि दोन्ही विरोधी पक्षात. मराठी अशी, की निम्मं वाक्य कोल्हापुरात सुरू होऊन तुमकूरच्या बाजूला कुठे तरी उतरतं. "आमचे लोक चारशे वर्षांमागं घोड्यावरून आले गं इकडं," त्या सांगतात. "तेव्हा ट्रॅफिक नव्हता म्हणून पोचले. आता आले असते तर वेशीवर, पीण्यातच संपले असते."

रोज दुपारी, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतली पहिली पाळी सुटली की त्यांच्या व्हरांड्यात इंग्रजीचा वर्ग भरतो. फी नाही. स्प्रिंगच्या कारखान्यातली शोभा, तिच्या चार-सहा मैत्रिणी, आणि बँकेतून रिटायर झालेले श्रीनिवासण्णा. शोभाला सुपरवायझर व्हायचंय. श्रीनिवासण्णांच्या बायकोला ते दुपारी घरात नको असतात.

बाजारात इंग्रजी शिकवणारी जी पुस्तकं मिळतात त्यांच्याविषयी माझं मत वाईट आहे. ही कॅन स्विम. दे मे गो. शी मस्ट रीड. कोण हा ही? कुठल्या तळ्यात पोहतो? आणि त्या बाईने का म्हणून वाचायचं, कोणी सक्ती केली तिला? माणसांना बिनकामाची वाक्यं पाठ करायला लावायची आणि मग ऑफिसात त्यांचं तोंड उघडत नाही म्हणून त्यांनाच हसायचं, हा शुद्ध अन्याय आहे. तुळसाक्कांकडे पुस्तक नाही. त्यांच्याकडे व्हरांडा आहे. झोपाळ्यावर बसला तो 'आय'. समोरच्या स्टुलावरचा 'यू'. फाटकाबाहेर जे कोणी दिसेल ते 'ही' किंवा 'शी', मोठ्या रस्त्यावरचा सगळा लोंढा 'दे', आणि कुंपणापाशी कायम झोपलेला गल्लीतला काळा कुत्रा म्हणजे 'इट'. झोपाळ्यावर बसायचं, एक वाक्य बोलायचं आणि मग ते करायचं.

'कॅन' म्हणालात तर करून दाखवा. एक बाई उत्साहाने "आय कॅन कुक बिर्याणी" म्हणून गेली आणि दुसऱ्या दिवशी पातेलं घेऊन आली. श्रीनिवासण्णा हे बघून सावध झाले. बराच वेळ झोपाळ्यावर विचार करून ते म्हणाले, "आय कॅन स्लीप." तुळसाक्कांनी आतून उशी आणवली. अण्णा खरंच झोपले, घोरले, आणि वर्गाने पुढची वाक्यं कुजबुजत केली. जागे झाल्यावर त्यांना पास केलं गेलं.

'शुड' हे तुळसाक्कांच्या मते सगळ्यात स्वस्त. "दुसऱ्यानं काय करावं हे काय, फुकट सांगता येतं," त्या म्हणतात. म्हणून नियम असा की 'ही शुड' म्हटलं की उठायचं आणि त्या 'ही'च्या तोंडावर जाऊन सांगायचं. शोभा एकदा म्हणाली, "ही शुड नॉट पार्क हिअर," आणि बोट कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या स्कूटरकडे. मी माडीवरून बघत होते. सगळा वर्ग चपला घालून फूटपाथवरून निघाला, मागे श्रीनिवासण्णा. दुकानदाराने आधी बायका बघितल्या, मग अण्णांना बघितलं, मग मुकाट्याने स्कूटर फूटपाथवरून खाली घेतली. परत येताना सगळ्यांच्या हातात एकेक चॉकलेट होतं.

माझ्या डोक्यात तिथेच ठिणगी पडली. कारण मी नोकरीतून उरलेल्या वेळात जे करते ते हेच. आमची पादचाऱ्यांची समिती आहे. माणसं थोडी, त्यातली निम्मी फक्त व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवणारी. पत्रकं मी लिहिते.

प्रश्न साधा आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता आहे. पूर्वी तिथे सिग्नल होता. गाड्यांना थांबावं लागतं, हे कोणाला तरी सहन होईना. सिग्नल काढला, रस्ता रुंद केला, मध्ये दुभाजक घातला. पीण्याची बस पलीकडे थांबते, त्यामुळे शोभा आणि तिच्या मैत्रिणी रोज जीव मुठीत धरून अलीकडे येतात. एकीला मोटारसायकलचा धक्का लागून हात गळ्यात बांधायची वेळ आली. पादचारी पूल आहे. त्याला उभा जिना आहे, जिना चढू न शकणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे, लिफ्टला कुलूप आहे, आणि किल्ली कुणाकडे आहे हे सांगू शकेल असा माणूस मला अजून भेटलेला नाही. शहरं गाड्यांसाठी नसतात, माणसांसाठी असतात. हे वाक्य माझ्या प्रत्येक पत्रकात असतं आणि मी ते काढणार नाही.

म्हणून मी तुळसाक्कांकडे पत्रक घेऊन गेले. पायी ओलांडायचा सिग्नल परत पाहिजे, एवढी एकच मागणी. इंजिनिअर लोकांना समजावं म्हणून इंग्रजीत लिहिलं होतं आणि प्रत्येक ओळीत 'द गव्हर्मेंट मस्ट' होतं. त्यांनी चष्मा लावून पहिली ओळ वाचली.

"गव्हर्मेंट म्हणजे कोण गं? ही, का शी?"

"इट," मी म्हटलं.

त्यांनी कुंपणाकडे हात केला. कुत्रा झोपला होता. "जा. त्याला मस्ट म्हणून बघ."

वर्ग बघत होता. मला माघार घेता येईना. मी कुंपणापाशी गेले आणि म्हणाले, "इट मस्ट गेट अप." कुत्र्याने एक कान हलवला, तोही माशीसाठी.

"इटला मस्ट सांगून काय होतं?" तुळसाक्का म्हणाल्या. "जिवंत माणूस बघ. मग बोल." आणि पत्रक परत दिलं. मोर्च्याला, नाही तर वॉर्डातल्या सभेला तरी या म्हटलं तर "बेडा, बेडा, नको गं, माझे गुडघे मोर्च्याचे नाहीत," म्हणून कॉफी टाकायला उठल्या. त्या दिवसापासून माझं नाव 'पाम्प्लेट' पडलं. "ए पाम्प्लेट, दूध आलंय बघ." "पाम्प्लेट, तुझं पार्सल."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. सगळ्यांना 'आय कॅन' म्हणायला लावणारी बाई स्वतः मात्र त्या झोपाळ्यावर बसून एकही वाक्य बोलत नसे. श्रीनिवासण्णांनी एकदा विचारलंही, "अक्का, तुम्ही पण सांगा ना एक." तर त्यांना एकदम गॅसवरचं दूध आठवलं. दुसऱ्यांना घडवायचं आणि आपण बाजूला राहायचं, ही वृत्ती चळवळीला मारक असते. मी हे त्यांना बोलूनही दाखवलं. त्यांनी मला दोन चकल्या दिल्या.

आणखी एक वेड होतं. रोज, वर्ग सुटला की त्या कठड्याला धरत धरत गच्चीवर जात आणि एक पिवळी चादर झटकत. ती चादर कधी अंथरलेली मी पाहिली नाही. स्वच्छ, इस्त्रीची घडी. तरी पाच-पाच मिनिटं झटकायच्या, मोठ्या रस्त्याकडे तोंड करून. "धूळ फार गं," त्या म्हणत. धूळ होतीच, रस्ता रुंद केल्यावर येणारच, मी तेही पत्रकात घातलं.

मग एका आठवड्यात काही तरी बिनसलं. तुळसाक्का चादर झटकून लगेच खाली येईनात. अंधार पडेपर्यंत वरच उभ्या. वर्गात एकीने "आय कॅन फ्लाय" अशी सरळ थाप मारली आणि त्यांनी तिला गच्चीवरून उडी मारायला सांगितलं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी माझं दार वाजलं. माडीचा जिना चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती.

"पाम्प्लेट, ती तुझी सभा कधी आहे?"

"उद्या. वॉर्ड ऑफिसात."

"मी येते. पोरी पण येतील."

मी मनात म्हटलं, अखेर जागृती झाली. माणसं अन्यायाला उशिरा का होईना ओळखतात. हेही वाक्य माझ्या पत्रकात आहे.

सभेत मी बोलले. चांगली बोलले. इंजिनिअर साहेबांनी चहा पीत, मान हलवत सगळं ऐकलं आणि म्हणाले, "यस, यस. वी विल लुक इंटू इट."

हे वाक्य मी इतक्या ऑफिसांत ऐकलंय की ते ऐकू आलं की पाय आपोआप दाराकडे वळतात. मी कागद गोळा करायला लागले. तेवढ्यात मागून भोंगा वाजला.

"सार, स्वल्प थांबा. हू ईज वी?"

साहेबांना कळेना.

"इन माय क्लास, सार, हू ईज इन वी, दे स्टँड." आणि त्यांनी मागे वळून म्हटलं, "वी वाँट सिग्नल." त्याबरोबर शोभा, तिच्या मैत्रिणी, गळ्यात हात बांधलेली ती, आणि श्रीनिवासण्णा असे सगळे खुर्च्या वाजवत उभे राहिले. "सी, सार? धिस ईज वी. नाऊ युअर वी. प्लीज."

साहेबांनी डावीकडे बघितलं, डावीकडचे साहेब फायलीत गेले. उजवीकडे बघितलं, उजवीकडच्यांना फोन आला, जो वाजला नव्हता. समोर एक म्हातारी उभी आणि आपण बसलेले, हे घरच्या संस्कारामुळे असेल, साहेबांना बरं वाटेना. ते अर्धवट उठले. मग मागच्या रांगेतली एक तरुण ज्युनिअर इंजिनिअर, हसू दाबत, पूर्ण उठली.

"गुड," तुळसाक्का म्हणाल्या. "टू पीपल. इनफ. यू विल लुक, सार? व्हेन? टुडे?"

अशा रीतीने, जे आमच्या समितीला इतके दिवस जमलं नव्हतं ते झालं, आणि साहेब त्याच दुपारी आमच्या रस्त्याच्या कडेला उन्हात उभे राहिले. आल्या आल्या म्हणाले, "बट पीपल कॅन क्रॉस हिअर. गॅप आहे ना दुभाजकात."

अख्ख्या वर्गाने एकदम श्वास घेतला. साहेब 'कॅन' म्हणाले होते.

"शो, सार," तुळसाक्का म्हणाल्या.

साहेब चांगल्या मनाचे. त्यांनी फाईल ज्युनिअरबाईकडे दिली, पँट वर ओढली आणि एक पाय रस्त्यात टाकला. बस आली. पाय मागे. पुन्हा टाकला. टँकर. मग कॅबची रांग, मग चुकीच्या बाजूने येणारा एक डिलिव्हरीवाला, जो साहेबांनाच ओरडला. साहेबांनी एकदा धीर करून तीन-चार पावलं धाव घेतली आणि तेवढ्याच वेगाने उलटे आले. त्यांना घाम फुटला होता. तुळसाक्कांनी त्यांना पदराने वारा घातला.

"सरी, सार," त्या मायेने म्हणाल्या. "यू कॅनॉट. नॉट युअर फॉल्ट. बट ट्रू सेंटेन्स."

साहेब हसले. आधी ज्युनिअरबाई हसली, मग ते हसले. पुढचं काम कागदावर कागद चढवत, रखडत झालं, पण झालं. खांब आला, पांढरे पट्टे आले, आणि एका सकाळी हिरवा चालता माणूस लागला. मी तुळसाक्कांचा फोटो पत्रकावर छापायचा ठरवला होता. 'एका नागरिकाचा विजय' असं शीर्षकही तयार होतं.

फोटो काढायला खाली उतरले तर त्या दारात उभ्या. मैसूर सिल्कचं हिरवं लुगडं, केसांत मोगरा, पिशवीत कॉफीचा स्टीलचा थर्मास.

"एवढं नटून कुठं, अक्का?"

"फिलोमिनाकडं."

"ती कोण?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी एवढे दिवस घरात राहून घराला भिंती आहेत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. "समोर राहते. रस्त्यापलीकडं. तिचं घर काय, गच्चीवरून दिसतं."

टेलिफोनच्या कारखान्यात दोघी एका टेबलाला. तुळसी कामाला लागली तेव्हा इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. फिलोमिनाने डब्याच्या सुट्टीत शिकवलं. "पण खोटं बोलू द्यायची नाही. मी आय कॅन सिंग म्हटलं तर म्हणे, गा. सगळ्या फॅक्टरीसमोर गायले मी. नियम तिचाच आहे गं. मी काय, चालवते नुसता."

"मग फोन का नाही करत?"

"दोघींनी मिळून किती फोन बनवले," त्या म्हणाल्या, "आणि आता तिला त्यात काही ऐकू येत नाही. कान गेले. मोबाईलवरची अक्षरं दिसत नाहीत. शेजारी बसून, हात धरून, कानाशी बोलावं लागतं." रस्ता रुंद झाल्यापासून ते बंद होतं. फिलोमिनाचे गुडघे यांच्याहून वाईट. ऑटोला हात केला तर ऑटोवाला म्हणतो, अक्का, समोर तर आहे, चालत जा.

"आणि चादर?"

"पिवळी चादर म्हणजे मी आहे. तिचा लाल टेबलक्लॉथ म्हणजे ती आहे." त्या चप्पल पायात सरकवत होत्या. "मधी एकदा चार दिवस लाल दिसलं नाही. ताप होता तिला. मला काय माहीत ताप आहे का काय आहे. समोर घर, आणि मी इकडं."

मी फोटोसाठी काढलेला फोन परत ठेवून दिला.

रविवार असल्यामुळे रस्त्याच्या कडेला सगळा वर्ग हजर होता. लाल दिवा होता. श्रीनिवासण्णांना राहवलं नाही. "अक्का, वाक्य?"

तुळसाक्कांनी रस्ता बघितला. बराच रुंद आहे तो. "आय मे," त्या म्हणाल्या.

'मे' त्या वर्गात फारसा शिकवत नसत. आळशी शब्द आहे म्हणायच्या. त्या दिवशी वर्गाने तो पास केला. हिरवा माणूस लागला आणि त्या निघाल्या. मी हात पुढे केला, त्यांनी माझ्या हातात पिशवी दिली आणि स्वतः चालल्या, कुरकुरत, एकेक पांढरा पट्टा मागे टाकत. आम्ही जेमतेम दुभाजकापाशी पोचलो आणि दिवा लाल झाला.

मी पेटले. हा कोणाच्या गुडघ्यांचा हिशेब करून वेळ लावलाय? पत्रकाची पहिली ओळ माझ्या डोक्यात उभीही राहिली. तेवढ्यात समोरून, त्याच हिरव्या दिव्यात निघालेल्या आणि त्याच लाल दिव्याने अडवलेल्या एक उंच, वाकलेल्या बाई काठी टेकत दुभाजकावर चढल्या. फुलाफुलांचा फ्रॉक, आणि खांद्यावर लाल टेबलक्लॉथ, शालीसारखा.

मग फिलोमिनांनी तुळसाक्कांच्या मोगऱ्याचा वास घेतला आणि तुळसाक्कांनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला, अजून ताप आहे का म्हणून. दुभाजकाचा कठडा रुंद होता. टेबलक्लॉथ त्यावर अंथरला गेला. थर्मास उघडला.

पुन्हा हिरवं झालं. "अक्का, चला," मी म्हटलं.

"स्वल्प थांब गं पाम्प्लेट."

लाल झालं, हिरवं झालं. दोन्ही बाजूंनी गाड्या थांबत होत्या, सुटत होत्या, आणि तुळसाक्का फिलोमिनांच्या कानाशी तोंड नेऊन, त्यांचा हात धरून काही तरी सांगत होत्या. बरंच साठलं असणार. मागच्या फूटपाथवरून श्रीनिवासण्णांनी हात हलवला, मग कंटाळून ते खांबाला टेकले. ते उभ्याउभ्याही झोपू शकतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

ऊन चढायला लागलं तेव्हा फिलोमिना, कान गेलेली माणसं बोलतात तशा मोठ्याने, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "वी मस्ट गो, तुलसी."

दोघींपैकी एकही उठली नाही.

तुळसाक्कांसमोर धडधडीत खोटं ठरलेलं आणि तरी त्यांनी, लक्ष पूर्ण ठिकाणावर असताना, चालवून घेतलेलं हे एवढं एकच इंग्रजी वाक्य मी ऐकलंय. त्यांनी नुसती आणखी थोडी कॉफी ओतली.